हॉटेलातल्या शब्दांचं मूळ शोधायचंय? इथून सुरुवात करा

“दोन मिसळ, जादा पाव, तीन कटिंग, एक पार्सल!” गल्ल्यावरून भटारखान्याकडे गेलेली ही आरोळी. यातली मिसळ संस्कृत ‘मिश्र’च्या घराण्यातली. पाव पोर्तुगीज, जादा अरबी-फारसी, कटिंग इंग्रजी, पार्सल फ्रेंचमधून इंग्रजीत आणि तिथून आपल्याकडे आलेलं. आणि शेठ ज्या गल्ल्यावर बसलेत तो गल्लाही मुळात अरबीच.

शब्दांचा नाद लागायचा असेल तर हॉटेल आणि स्वयंपाकघर यांच्यापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. ‘प्रेम’ किंवा ‘धर्म’ हे शब्द कधी, कसे बदलले हे सांगायला आयुष्य घालवावं लागतं. बटाट्याचं तसं नाही. बटाटा ही वस्तू आहे, ती कुठून तरी आली, कोणी तरी आणली, आणि त्याची तारीख साधारण माहीत आहे. वस्तूचा माग लागला की शब्दाचाही अर्धा माग लागतो. उरलेल्या अर्ध्यासाठी खालच्या पायऱ्या.

पहिली पायरी: ऐकलं तसं टिपा

शब्द एकटा टिपू नका, पूर्ण वाक्य टिपा. कुठे ऐकलं, कोण बोललं, समोर कोणती वस्तू होती, हेही लिहा. हॉटेलची बोली दर शंभर किलोमीटरवर बदलते. मिसळीवरचा झणझणीत रस्सा कोल्हापुरात ‘कट’, पुण्यात ‘सॅम्पल’ आणि नागपूरकडे ‘तर्री’. पुण्यात “सॅम्पल आण रे” म्हटलं की वाटीभर रस्सा येतो. इंग्रजी ‘सॅम्पल’चा अर्थ धरून ‘नमुना म्हणून थोडीशी मिसळ’ असं कोणी टिपलं तर पुढचा सगळा शोध वाकड्या वाटेने जाईल.

‘कट’ तर नवख्यांसाठी सापळाच आहे. शेजारी कटिंग चहा असल्यामुळे दोन्ही इंग्रजी ‘कट’वरून आले असं वाटतं. कटिंगचं खरं आहे. पूर्ण ग्लास ‘कापून’ केलेला अर्धा चहा. पण पुरणाची डाळ शिजल्यावर निथळून काढलेल्या पाण्याला घराघरात कटच म्हणतात, आणि त्याचीच कटाची आमटी होते. हा शब्द हॉटेलच्या बराच आधीचा. त्यामुळे मिसळीचा कट कोणत्या घरातला हे ठरवताना आधी आमटीकडे बघा, मग इंग्रजीकडे. एकसारखे दिसणारे दोन शब्द नातेवाईक असतीलच असं नाही.

दुसरी पायरी: कोश उघडा, पण जुन्या लेखनाची सवय करून

मराठीसाठी तीन कोश हाताशी ठेवा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत आला. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६चा. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात, त्यामुळे “ग्रंथालय लांब आहे” ही सबब चालणार नाही.

दोन गोष्टी कोणी आधी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. एक म्हणजे जुन्या कोशात ‘केळं’ किंवा ‘केळे’ शोधलंत तर हाती काही लागणार नाही. तिथे ‘केळें’ असतं, ‘तळणें’ असतं, ‘भजें’ असतं. शेवटचे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनी गेले. कोश त्याआधीचे आहेत. शब्द सापडला नाही की आधी अनुस्वार लावून बघा, मग ऱ्हस्व-दीर्घ बदलून बघा.

दुसरी गोष्ट कंसातल्या अक्षरांची. मोल्सवर्थ शब्दापुढे कंसात रोमन अक्षर देतो: एस म्हणजे संस्कृत, ए म्हणजे अरबी, एच म्हणजे हिंदुस्तानी, पी म्हणजे फारसी. हा ‘पी’ पोर्तुगीज समजून लोक फसतात आणि फारसी शब्दांचा पत्ता गोव्यात शोधत बसतात.

एखादा शब्द मोल्सवर्थमध्ये नसेल तर तो १८५७ नंतरचाच, असंही समजू नका. कोशकारांनी पंडितांना आणि जाणत्यांना विचारून शब्द गोळा केले. भटारखान्यातल्या पोऱ्याला कोणी विचारलं असेल याची खात्री नाही. शब्द सापडला तर तो पुरावा असतो, सापडला नाही तर फक्त एक खूण.

तिसरी पायरी: वस्तू कधी आली ते बघा

ही पायरी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त काम करणारी. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. कोलंबस १४९२ साली अमेरिकेजवळच्या कॅरिबियन बेटांवर पोचला, पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली. तेव्हा बटाट्याचं मराठी नाव त्याहून जुनं असणं शक्यच नाही. ‘बटाटा’ हा पोर्तुगीज ‘बटाटा’च, आणि पोर्तुगीजांकडे तो कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो भाषेतून स्पॅनिशमार्गे आलेला. गंमत अशी की टाइनो भाषेत त्याचा अर्थ होता रताळं. वाटेत नाव एका कंदावरून दुसऱ्या कंदावर सरकलं.

आता नकाशा समोर धरा. बटाटा म्हणतात मराठीत, कोकणीत, गुजरातीत. हिंदीत ‘आलू’, तो संस्कृत ‘आलुक’वरून, तेव्हा त्याचा अर्थ कुठलासा कंद एवढाच होता. म्हणजे किनाऱ्याकडच्या भाषांनी वस्तूबरोबर नावही घेतलं आणि आतल्या मुलखाने जुनंच नाव नव्या कंदाला चिकटवलं. शब्द कुठे बोलला जातो आणि कुठे बोलला जात नाही, या दोन्हींची नोंद केली की बंदर कोणतं होतं ते बऱ्याचदा आपोआप कळतं.

पाव, काजू, अननस, कोबी याच वाटेने आले. काजू आणि अननस पोर्तुगीजांनी ब्राझीलकडच्या भाषांमधून घेतले होते. स्वयंपाकघराबाहेर बघितलं तर चावी, घमेलं आणि पगार हेही त्याच जहाजांवरचे. ‘पगार’ हे पोर्तुगीजमध्ये क्रियापद आहे, ‘पैसे देणे’ या अर्थाचं. आपण त्याचं नाम केलं आणि ते दर महिन्याला मागतो.

मिरचीने मात्र वेगळाच खेळ केला. वस्तू अमेरिकेतली, नाव इथलं. काळी मिरी म्हणजे संस्कृतातलं ‘मरिच’. नवी तिखट शेंग आली तेव्हा तिला त्याच कुळातलं नाव मिळालं. त्यामुळे “शब्द जुना म्हणजे पदार्थही जुना” हे खरं नाही आणि उलटही खरं नाही. दोन्ही तारखा वेगवेगळ्या काढायच्या.

हे नीट समजायचं असेल तर उपवासाचं पान डोळ्यांसमोर आणा. बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची, सगळे अमेरिकेतून आलेले. आपल्याकडे साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावाही मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि ‘साबू’ हा भाग मलय ‘सागू’शी जोडला जातो, सागू म्हणजे आग्नेय आशियातल्या माडासारख्या झाडाच्या गाभ्याचं पीठ. शुद्ध म्हणून वाढलेल्या या पानात अस्सल इथली फार तर वरई आणि दही.

चौथी पायरी: आवाजाचा हिशेब जुळवा

इथे जरा थांबू, कारण व्युत्पत्ती आणि निव्वळ तर्क यांच्यातला फरक इथेच ठरतो.

संस्कृत शब्द प्राकृतातून मराठीत आले तेव्हा ते कसेही बदलले नाहीत, ठरावीक रीतीने बदलले. ‘भात’ घ्या. मूळ शब्द ‘भक्त’. दचकू नका, ‘भज्’ म्हणजे वाटणे, वाटा घेणे, आणि ‘भक्त’ म्हणजे वाट्याला आलेलं अन्न. देवाचा भक्तही त्याच धातूचा. प्राकृतात ‘क्त’ हे जोडाक्षर एकाच वर्णाचं द्वित्व झालं: भत्त. मराठीत द्वित्व सुटलं आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला: भात.

ही एकट्या भाताची कहाणी असती तर कोणी विश्वास ठेवला नसता. पण हीच चाल बाकीच्यांचीही आहे. सप्त, सत्त, सात. दुग्ध, दुद्ध, दूध. तक्र, तक्क, ताक. पिष्ट, पिट्ठ, पीठ. सर्प, सप्प, साप. अष्ट, अट्ठ, आठ. वहीत असे वीस-पंचवीस शब्द स्वतः मांडून बघा. तासाभरात कान तयार होतो आणि कोणी नवी व्युत्पत्ती सांगितली की ती चालीत बसते की नाही हे आपोआप जाणवायला लागतं.

चालीत न बसणारे शब्दही येतात, आणि तेव्हाच खरी मजा येते. चालीप्रमाणे ‘शर्करा’चं व्हायला हवं होतं ‘साकर’, झालं मात्र ‘साखर’. हा ‘ख’ कुठून आला? पालीत बघितलं की ‘सक्खरा’ दिसतं. म्हणजे ‘ख’ मराठीने लावलेला नाही, तो दोन हजार वर्षांपूर्वीच येऊन बसलाय. हीच शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली आणि युरोपात फिरत फिरत इंग्रजीत शुगर झाली. चहावाला बिनसाखरेचा चहा ‘शुगरफ्री’ म्हणून देतो तेव्हा तो घरचाच शब्द परदेशी जाऊन आलेला असतो.

मीठही असंच चकवतं. चालीप्रमाणे ‘मीठ’ निघतं ‘मिष्ट’वरून, आणि मिष्ट म्हणजे गोड, चवदार! खारट वस्तूला चवदार म्हणायची ही रीत गुजरातीतही आहे. आपल्याकडे मीठ आणि मिठाई एकाच कुळातले असून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. खरं ‘लवण’ लोणच्यात जाऊन मुरलंय.

आणि एक इशारा. सगळंच संस्कृतातून आलं असं धरून बसू नका. ‘घृत’वरून हिंदीत घी झालं, मराठीत मात्र आपण तूप म्हणतो. कन्नडमध्ये तुपाला ‘तुप्प’ म्हणतात. महाराष्ट्राची दक्षिण सीमा ओलांडली की शंका उरत नाही.

पाचवी पायरी: अर्थ कुठून कुठे सरकला

आवाज जुळला तरी अर्थ जुळायला हवा, निदान तो कसा सरकला हे सांगता यायला हवं. अरबी ‘गल्ला’ म्हणजे शेताचं उत्पन्न, धान्य. धान्यावरून मिळकत, मिळकतीवरून ती ठेवायची पेटी, पेटीवरून ती जिथे असते ती जागा. “शेठ गल्ल्यावर आहेत” यात धान्याचा दाणाही उरलेला नाही, पण प्रत्येक पाऊल समजतं. पाऊल समजलं नाही तर व्युत्पत्ती अर्धवट समजावी.

हॉस्टेलच्या मेसला ‘गोंधळ’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी जोडून बरेच विनोद होतात. क्रम उलटा आहे. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द टेबलावर ठेवलेल्या पदार्थासाठी होता, तिथून तो एकत्र जेवणाऱ्या मंडळीवर गेला. गोंधळाचा अर्थ बराच नंतरचा. रेस्टॉरंट म्हणजे अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये आधी एक रस्सा होता, अशक्त माणसाला तरतरी आणणारा. नंतर तो विकणाऱ्या जागेलाच ते नाव पडलं. हॉटेल, हॉस्टेल आणि हॉस्पिटल ही तिन्ही एकाच लॅटिन मुळाची, पाहुणचाराशी जोडलेली. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा, मराठीत खाण्याची. मुक्कामाला आपण लॉज शोधतो. हा मराठीने केलेला बदल आहे, चूक नव्हे, आणि नोंदीत तसाच लिहावा.

सहावी पायरी: गोष्ट फार छान असेल तर जास्त तपासा

पाव पायाने तुडवून करतात म्हणून पाव. टिप म्हणजे ‘टु इन्शुअर प्रॉम्प्टनेस’ची आद्याक्षरं. अशा गोष्टी एकदा ऐकल्या की विसरत नाहीत, हाच त्यांचा दोष.

पावाचं आपण बघितलंच: पोर्तुगीजमध्ये पावाला जवळपास पावच म्हणतात, आणि तिकडच्या भट्टीत कोणी मराठी पाय नेला नव्हता. ‘पाव किलो’मधला पाव तिसराच, ‘पाद’ म्हणजे चतुर्थांश यावरून. टिपबद्दल एवढं लक्षात ठेवा की आद्याक्षरं जोडून बोलीतला शब्द करायची रीत विसाव्या शतकात फोफावली. त्याआधीच्या कुठल्याही शब्दाला कोणी आद्याक्षरं चिकटवली तर ती नंतर चिकटवलेली असण्याची शक्यता फार मोठी. ‘टिप’ हा शब्द ‘देणे, सरकवणे’ या अर्थाने सतराव्या शतकातल्या इंग्रज चोरांच्या बोलीत सापडतो.

अमेरिकेतल्या भटारखान्यांत पदार्थ संपला की ‘एटी-सिक्स’ म्हणतात. १९३०च्या दशकात सोडा-फाउंटनवर, म्हणजे सोडा-सरबतं विकणाऱ्या काउंटरवर, काम करणाऱ्यांच्या बोलीत त्याची छापील नोंद आहे. न्यूयॉर्कच्या बेडफर्ड स्ट्रीटवर ८६ नंबरच्या घरात दारूचा गुत्ता होता, पोलीस आले की गिऱ्हाइकांना त्या दाराने बाहेर काढत, अशी खमंग कथा सांगतात. कोशकारांचा कल मात्र साध्या यमकाकडे आहे: ‘निक्स’ म्हणजे नाही, त्याच्याशी जुळणारं ‘सिक्स’.

म्हणून माणसाच्या नावावरून शब्द पडतच नाहीत असंही नाही. सँडविच खरोखरच अर्ल ऑफ सँडविच या उमरावाच्या नावावरून आला. १७६२ साली इंग्रज इतिहासकार एडवर्ड गिबनने आपल्या रोजनिशीत लंडनमधल्या क्लबात मंडळी सँडविच खात असल्याचं लिहिलंय, आणि तो अर्ल तेव्हा हयात होता. त्या काळचा कागद आहे, म्हणून मानायचं.

आता आपल्या जिव्हाळ्याचं उदाहरण. सांबार हे नाव संभाजी महाराजांवरून पडलं, तंजावरला भोसल्यांच्या मुदपाकखान्यात आमसूल संपलं म्हणून चिंच घातली आणि पाहुण्याच्या सन्मानार्थ नाव दिलं, ही कथा तुम्ही ऐकली असेलच. तंजावरच्या मराठ्यांनी दक्षिणेच्या खाण्यावर ठसा उमटवला यात वाद नाही. पण कथा सांगणारे त्या काळचा कागद दाखवत नाहीत. आणि विदर्भात बाजारात जाऊन “सांबार द्या” म्हणा: भाजीवाली कोथिंबिरीची जुडी हातात ठेवेल. नागपूरची सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरलेली वडी, तिच्यात डाळ-चिंचेचा पत्ता नाही. तिकडे केरळात ‘संभारम’ मागितलं तर आलं-मिरची घातलेलं ताक मिळतं.

आमटी, कोथिंबीर आणि ताक. तिन्ही एका राजाच्या नावावरून आली म्हणायचं तर कथा फार ताणावी लागते. उलट संस्कृत ‘संभार’ म्हणजे जमवलेलं साहित्य. चव आणायला घालायच्या जिनसा असा अर्थ धरला की तिन्ही जागा एका दोरीत येतात. याच्या शेजारी ‘मसाला’ ठेवून बघा. तो अरबी ‘मसालिह’वरून फारसीत आला, तिथेही त्याचा अर्थ साहित्य, अगदी बांधकामाचंसुद्धा. साहित्य या अर्थाचा शब्द मसाल्यावर येऊन थांबणं एकदा फारसीत घडलंय, मग इथेही घडलं असेल तर नवल नाही. यामुळे संभाजी महाराजांचं काही कमी होत नाही. त्यांना आमटीच्या आधाराची गरज नाही.

सातवी पायरी: निकाल लिहा, पण पायरी सांगून

प्रत्येक शब्दापुढे तीनपैकी एक शिक्का मारा: पक्कं, बहुधा, कथा. बटाटा पक्कं. संभारावरून सांबार बहुधा. पायाने मळलेला पाव कथा. कथेच्या नोंदी फेकू नका. लोक कोणत्या शब्दाभोवती कोणती गोष्ट रचतात हीसुद्धा जपायची माहिती आहे.

हॉटेलच्या बोलीसाठी एक जास्तीचा रकाना ठेवा: तारीख. चहा आणि कॉफी एकाच कपात म्हणजे ‘मारामारी’, हे कोणत्या साली, कोणत्या गावात ऐकलंत ते लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी कोणी याच शब्दाचा माग काढू लागलं तर तुमची वही त्याच्यासाठी तो जुना कागद असेल.

पहिल्या आठवड्यात ओठ, चाक, मोती आणि लाडू करून बघा. चारही चालीत बसतात. चटणी चाटण्यापर्यंत सहज पोचते. ‘पेरू’ला एवढ्यात हात लावू नका. समोर देशाचं नाव दिसतं आणि माणूस तिथेच अडकतो.